दाबमास्तरचा नळ

भरदुपारी तुमच्या इमारतीची टाकी रिकामी झाली, तर पहिली शिवी तुम्ही कोणाला घालता? खरं सांगा. ज्याच्या दाराआडून पाणी वाहिल्याचा आवाज येतो त्यालाच ना? जिन्यात उभं राहून, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी. दार वाजवून काय झालंय ते विचारायला तुम्हाला सवड नसते, शिवीसाठी मात्र असते.

या गोष्टीतल्या इमारतीतही तुमच्यासारखीच माणसं राहत होती. दुसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून अग्निशमन दलातला एकजण राहायचा, आणि इमारतीने त्याचं नाव ठेवलं होतं धबधबा. हे बारसं तळमजल्यावरच्या काकांनी केलेलं. टाकीच्या खोलीची किल्ली हातात आल्यापासून काकांचे पाय जमिनीला लागत नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगायचे की या माणसाला दलात पाण्याचा पगार मिळतो आणि घरी तो आमच्या पाण्याची मजा मारतो. लोक हसायचे. हसण्यासाठी माणूस फुकटात मिळाला तर कोण सोडतो?

दलात मात्र त्याला दाबमास्तर म्हणायचे, आणि ते मानाने म्हणायचे.

आग लागली की तुम्ही मोबाईल उंच धरता आणि धुरात शिरणाऱ्या हेल्मेटवाल्यांचं चित्रण करता. गाडीच्या बाजूला, दाब दाखवणाऱ्या काट्यांच्या फळीसमोर पाय रोवून उभा असलेला माणूस तुमच्या चित्रणात येत नाही. तो पंप चालवतो. आत गेलेल्यांच्या हातातल्या पाईपात पाणी किती जोराने पाठवायचं, कधी सोडायचं, कधी बंद करायचं, सगळं त्याच्या हातात. दाब कमी पडला तर आतले भाजतात, जास्त झाला तर पाईप हातातून निसटून त्यांनाच झोडपून काढतो. दाबमास्तर काट्यांकडे बघायचा, पण विश्वास ठेवायचा तळहातावर. पाईपवर हात टेकवला की त्याला कळायचं, आतले पुढे सरकलेत की अडकलेत. घरी तो हे इतक्या वेळा ऐकवायचा की बायको म्हणायची, "माझी नाडी कधी धरली नाहीत, रबराची बरी धरता."

आत जाणाऱ्या जोडीचा पुढारी अण्णा. अण्णा आत आणि मास्तर बाहेर, असं वर्षानुवर्षं चाललेलं. दोघांच्या बायका एकमेकींना वहिनी म्हणायच्या. दोघे पुरुष एकमेकांना सहसा गाढव म्हणायचे. प्रेम दाखवायची त्यांची तीच रीत होती.

मग गाद्यांच्या कारखान्याला आग लागली.

फोम जळतो तेव्हा धूर काळा आणि चिकट होतो, हात पुढे केला तर मनगटापुढचं दिसत नाही. अण्णा आणि त्याचा जोडीदार पाईप घेऊन आत शिरले. बाजूच्या गोदामाचं लोखंडी दार उघडं राहिलं होतं आणि त्यातून जाळ बाहेर झेपावत होता. अण्णा जोडीदारावर ओरडला, "बंद कर! बंद कर!" त्याला म्हणायचं होतं दार. पण ओरडताना तो भिंतीला रेलला, छातीवरच्या वॉकीटॉकीचं बटण दाबलं गेलं, आणि बाहेर गाडीपाशी तेवढेच दोन शब्द पोचले.

दाबमास्तरने पाणी बंद केलं.

बंद करणारच. आतून पुढाऱ्याचा हुकूम आला की का म्हणून विचारायचं नसतं. तळहाताखालचा पाईप मऊ पडलेला त्याला जाणवला. आत अण्णाच्या हातातला पाईपही तसाच मऊ पडला. जाळाला अडवायला पाणी उरलं नाही, तेव्हा अण्णाने जोडीदाराला मागे ढकललं आणि ते तापलेलं दार दोन्ही हातांनी लोटून लावलं. मग वॉकीवर "पाणी! पाणी!" आलं. मास्तरने त्याच क्षणी पाणी सोडलं. दोघेही जिवंत बाहेर आले. अण्णाचे हातमोजे मात्र काढता येईनात.

चौकशी झाली. साहेबांनी रेकॉर्डिंग ऐकलं, "बंद कर" स्वच्छ ऐकू येत होतं. हुकूम आला, माणसाने पाळला, दोष कोणाचाच नाही. फाईल मिटली. फाईल मिटली की माणसाचंही मिटतं, असं समजणारे लोक खुर्चीत कसे पोचतात देव जाणे. अण्णाची बोटं आखडली, त्याला सामानाच्या कोठीवर बसवलं. तो मास्तरशी बोलेना. समोरून आला की मान दुसरीकडे. मास्तरने समजून घेतलं की हा मला जन्मभर माफ करणार नाही, आणि त्यानेही मान दुसरीकडे वळवायला सुरुवात केली.

मुख्य कार्यालयाला जाग आली, ती थोडी उशिरा. जवानांच्या मनाची काळजी घ्यायची असं वरून ठरलं आणि एक समुपदेशक बाई बुधवारी-बुधवारी केंद्रात येऊ लागल्या. पहिल्या दिवशी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. समोर बाई, आणि बाईंच्या शेजारी केंद्रप्रमुख, म्हणजे ज्याच्या एका सहीवर तुमची बढती अडते तो. बाईंनी विचारलं, कोणाला झोप लागत नाही, हात वर करा. कोण करणार? भर हॉलमध्ये, साहेबाच्या डोळ्यांत बघून? एकही हात वर झाला नाही. केंद्रप्रमुखांनी वर कळवलं की आमच्या केंद्रात सगळे ठणठणीत आहेत. बाईंना आपली चूक दाराबाहेर पडायच्या आत कळली होती, पण तोवर केंद्राचं मत झालं होतं. डोकेवाल्या मॅडम, असं नाव पडलं ते पडलंच.

त्यांना खोली दिली ती कोठीला लागून, मध्ये प्लायवूडची भिंत. शिंकलं तरी पलीकडे ऐकू जाणारी. आणि जो तिकडे जाई त्याच्या जॅकेटच्या बाहीला गाठ पडे.

या गाठीचं असं आहे की कापडी पाईप कुठे फाटला, झिरपायला लागला, तर त्याच्या टोकाला गाठ मारून तो बाजूला टाकतात. गाठ दिसली की घाईगर्दीत तो पाईप कोणी आगीवर नेत नाही. हीच गाठ जवानांनी माणसांना लावली. खुंटीवर टांगलेल्या जॅकेटची बाही पिळून घट्ट गाठ मारायची, आणि तो आला की छताकडे बघत शीळ घालायची. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर मॅडमकडे एकदा गेला, तेव्हा त्याच्या बाहीला सगळ्यात पक्की गाठ मारणारा कोण होता, विचारा. दाबमास्तर. ड्रायव्हर परत काही मॅडमकडे गेला नाही.

इकडे घरी मास्तरचं वेगळंच सुरू झालं होतं. नळ उघडायला त्याला काही वाटत नसे. बंद करायची वेळ आली की हात तोटीवर थांबायचा. बोटं वळत नसत. पाणी तोडलं की कुठेतरी आत कोणीतरी उघडं पडणार, असं त्याच्या अंगात भरलं होतं. डोक्याला माहीत होतं की हा मोरीतला नळ आहे. हाताला ते पटत नव्हतं. मग तो तोटी तशीच सोडून बाहेर यायचा. बादली भरून वाहायची, मोरी वाहायची, टाकी उतरायची, आणि जिन्यात काकांचा आवाज चढायचा.

सुरुवातीला बायकोला वाटलं, विसरतात. ती मागोमाग जाऊन नळ बंद करायची. ती कामावर असली की मात्र दुपार काकांच्या ताब्यात जायची. एकदा काकांनी जिन्यात तिला गाठलं आणि म्हणाले, नवऱ्याला बादलीत बुडवून ठेवा म्हणजे पाण्याची हौस फिटेल. तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, तुमच्या घराला आग लागली की कोणाला बोलवणार, टाकीच्या किल्लीला? काका चार दिवस गप्प होते. नवऱ्याने मात्र घरात येऊन तिलाच झापलं, की आपलं चव्हाट्यावर कशाला आणतेस. दलात कळलं तर पंप जाईल, ही त्याची एकच भीती होती. पंपाशिवाय तो कोण होता? धबधबा.

कळायचं ते कळलंच. मैदानात कवायत होती. पाईप जोडायचा, पाणी मारायचं, बंद करायचं, तोटी बदलायची, रोजचाच खेळ. हुकूम आला, "बंद कर." मास्तरचा हात व्हॉल्व्हवर होता आणि तिथेच राहिला. पलीकडच्या जवानाने पाणी बंद झालं असं धरून तोटी सोडवायला घेतली. ती दाबाने उडाली आणि त्याच्या गुडघ्यावर बसली. तो आडवा झाला, मैदानात चिखल झाला, आणि मास्तर काट्यांकडे बघत उभाच. शेवटी दुसऱ्या कोणीतरी धावत येऊन पाणी तोडलं.

केंद्रप्रमुखांनी तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, उद्यापासून फाटकावर बसायचं. डोकेवाल्या मॅडम 'फिट' असं लिहून देतील तेव्हा पंपाचं बघू. दुसऱ्या दिवशी खुंटीवरच्या त्याच्या जॅकेटला गाठ होती. त्याने ती सोडवली नाही. जॅकेटच उचलून कपाटात कोंबलं.

आता त्याला फक्त तो एक शब्द हवा होता, फिट. बुधवारी तो मॅडमसमोर बसायचा आणि खोटं बोलायचा. झोप? उत्तम. भूक? दणकून. कवायतीच्या दिवशी काय झालं? ऊन लागलं. प्लायवूडच्या पलीकडे अण्णा कोठीत बसलेला असायचा. त्याच्या खुर्चीची करकर ऐकू यायची, आणि ती ऐकू आली की मास्तर आणखी मोठ्याने ठणठणीत व्हायचा. मॅडम म्हणाल्या, सगळं आत दाबून ठेवू नका. तो हसला. म्हणाला, "बाई, दाब ठेवायचाच पगार घेतो मी."

एका बुधवारी तो उठला, कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले आणि दाराकडे निघाला.

"नळ," मॅडम म्हणाल्या.

"वॉशर गेलाय त्याचा."

"वॉशर ठीक आहे. मागच्या बुधवारीही तुम्ही तसाच सोडून गेलात. मी बंद केला."

"मग आत्ताही करा की. तुम्हाला काय हात नाहीत?"

हात हा शब्द तोंडातून गेला आणि त्याची नजर प्लायवूडच्या भिंतीकडे गेली. पलीकडची करकर थांबली. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. पाणी वाहत राहिलं. त्या म्हणाल्या, मी आज फिट लिहून देणार नाही. लिहून दिलं आणि उद्या खरोखरच्या आगीत तुमचा हात असाच थांबला, तर कवायतीसारखं नुसत्या गुडघ्यावर निभावणार नाही. तो दार आपटून गेला. जाता जाता त्यांना जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी जाऊन त्याने तीच आग बायकोवर ओतली. ती बाई मला भंगारात काढायला बसली आहे, माझ्या बाहीला गाठ मारली सगळ्यांनी, आता आयुष्यभर फाटकावर. बायको भांडी विसळत होती. ती वळलीसुद्धा नाही.

"लग्न झाल्यापासून तुमचे पाईप ऐकतेय मी," ती म्हणाली. "फाटलेल्या पाईपाला गाठ मारता ती फेकून द्यायला का?"

तो म्हणाला, फेकायला कशाला, दुरुस्तीला. ठिगळ लावतात, दाब देऊन बघतात, टिकला तर गाठ सोडून परत गाडीवर.

"मग आता दुरुस्तीला न जाता गाडीवर चढायला बघताय, ते कोणाला भाजायला?"

एवढं बोलून तिने नळ बंद केला, त्याच्या तोंडासमोर.  

पुढच्या बुधवारी कपाटातून चुरगळलेलं जॅकेट काढून तो ते घालून केंद्रात आला, बाही गाठीसकट. एक हात बाहीत, एक बाही लोंबकळती. शीळ घालणाऱ्यांची शीळ तोंडातच राहिली. मॅडमना तो म्हणाला, त्या खोलीत बोलणार नाही, पलीकडे माणूस आहे. मॅडम म्हणाल्या, जागा तुम्ही सांगा. मग दोघे मैदानात उभ्या असलेल्या गाडीच्या केबिनमध्ये जाऊन बसले, काचा वर करून. तिथे पहिल्यांदा त्याने गाद्यांचा कारखाना सांगितला. पाईप हातात मऊ पडला तो क्षण त्याला पुन्हा पुन्हा सांगावा लागला, कारण तिथे आला की आवाज जायचा. मॅडमनी मध्ये काही समजूत घातली नाही. दोष तुमचा नाही, हे वाक्य चौकशीत ऐकून त्याला त्याची शिसारी आली होती, ते त्यांनी ओळखलं असावं.

त्यांनी एवढंच विचारलं की मोरीतला नळ बंद करताना आत कोण असतं?

"अण्णा," तो म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तराला दचकला.

मग त्यांनी विचारलं, आत कोणी नाही हे तुमच्या कामात कळतं कसं? त्याने सांगितलं की वॉकीटॉकी नव्हते तेव्हा पाणी तोडण्याआधी पंपावरचा माणूस हाळी द्यायचा, आत कोणी आहे का? आणि आतून उत्तर यायचं, सगळे बाहेर. वॉकी आले आणि हाळी बंद पडली. मॅडम म्हणाल्या, मग घरी ती चालू करा. तो वैतागला. नळाला विचारू? मॅडम म्हणाल्या, नळाला कशाला, बायकोला विचारा.

पहिल्या दिवशी तोंडातून शब्द फुटेना. हात तोटीवर तसाच. मग एकदाचं आलं, पार जिन्यापर्यंत जाईल असं, "आत कोणी आहे का?" बायको दारात ओलं भांडं घेऊन उभी होती. "कोणी नाही. सगळे बाहेर. करा बंद, काका चप्पल शोधतायत." बोटं थोडी वळली. पाणी बारीक झालं, पण थांबलं नाही. राहिलेलं तिने केलं. असं बरेच दिवस चाललं. कधी उलटं व्हायचं, काल वळलेला हात आज पुन्हा अडकायचा. कधी ती वैतागायची, "अहो, मोरीत कोण असणार, हत्ती?" आणि हत्तीवर तो चुकून हसायचा, आणि हसता हसता तोटी फिरायची. दर बुधवारी केबिनमध्ये जाऊन तो मॅडमना सगळं सांगायचा. शिव्याही घालायचा, त्या ऐकून घ्यायच्या. एकदा त्यांनीही त्याला झाडलं, बायकोच्या जिवावर बरे होऊ नका, स्वतःही थोडे व्हा. त्याला ते आवडलं. गोड बोलणाऱ्यांचा त्याला कंटाळा आला होता.

याच दरम्यान तो केंद्रप्रमुखांकडे गेला. म्हणाला, नुसतं 'बंद कर' हा हुकूम काढून टाका. 'पाणी बंद' म्हणा, नाहीतर 'दार बंद' म्हणा. एक शब्द जास्त लागेल, पण माणसाचे हात वाचतील. साहेब म्हणाले, गाठवाल्यांच्या सल्ल्याने दल चालवायचं का आता? मॅडमनी तेच वर लिहून पाठवलं, तेव्हा वरून हुकूम आला. मग साहेबांनी तो हॉलमध्ये स्वतःचा म्हणून वाचून दाखवला. अशा माणसांना चोरी म्हणजे काय ते समजावणार कोण?

शेवटी मैदानात चाचणी ठरली. मॅडमनी लिहिलं होतं, पंपावर उभं करून बघा. साहेबांनी उभं केलं, आणि मुद्दाम, बघू किती दम आहे म्हणून, कवायतीच्या मनोऱ्यात पाईप धरणाऱ्या दोघांबरोबर वॉकी घेऊन कोणाला पाठवलं, तर अण्णाला.

पाईप जोडला, पाणी गेलं, मनोऱ्यातून धार निघाली. मग हुकूम आला, "पाणी बंद." मास्तरचा हात व्हॉल्व्हवर थांबला. कडेला उभे असलेले जवान एकमेकांकडे बघायला लागले. मास्तरने दुसऱ्या हाताने वॉकी तोंडाशी नेला.

"आत कोणी आहे का?"

साहेब ओरडले, वॉकी गप्पा मारायला नसतो. मनोऱ्यातून नुसती खरखर. मास्तर तसाच उभा, डोळे काट्यांवर, तळहात पाईपवर. खरखर थांबली.

"सगळे बाहेर," अण्णाचा आवाज आला. "मी पण. पाणी बंद कर, मास्तर."

व्हॉल्व्ह फिरला, पूर्ण. पाईप मऊ पडला आणि जमिनीवर नुसता पडून राहिला.

अण्णा मनोऱ्यामागून चालत आला. त्याला वॉकी नीट धरता येत नव्हता, दोन मनगटांत दाबून आणला होता. तो मास्तरसमोर थांबला आणि कारखान्यानंतर पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघत बोलला. "शब्द माझा होता, गाढवा. मला तुझ्यासमोर मान वर करता येईना. तू तो शब्द घरी कशाला घेऊन गेलास?"

 मास्तरने अण्णाच्या मनगटांतून वॉकी काढून घेतला आणि त्याच्या छातीवर अडकवून दिला, बटण चुकून दाबलं जाणार नाही अशा बाजूला.

साहेबांनी शेरा मारला की वेळ लागला. तरी पंप परत मिळाला, कारण मॅडमचा कागद होता आणि वरच्यांची नजर होती. जॅकेटची गाठ मास्तरने त्याच दिवशी सोडवली. बाहीवर सुरकुती आहे अजून, इस्त्रीनेही जात नाही. संध्याकाळी तो रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला केबिनपर्यंत घेऊन गेला, म्हणाला बुधवारी इथे ये, काचा वर होतात.

हाळी मात्र गेलेली नाही. दमलेला असला, कुठे लहान मूल आत होतं अशा आगीवरून आला असला, की नळापाशी अजून हात अडकतो आणि तो विचारतो. बायको घरात असली तर उत्तर मिळतं. नसली की जिन्यातून हसू मिळतं. काका त्याची नक्कलही करतात, आता आवाज चांगला जमतो त्यांना. टाकी हल्ली संध्याकाळपर्यंत पुरते, तरी नाव धबधबाच आहे.

काकांकडून काही मागण्यात अर्थ नाही, म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुमच्या भिंतीपलीकडे, वरच्या नाहीतर खालच्या मजल्यावर असं कोणीतरी असेल. पंपावरचा, रुग्णवाहिकेवरचा, कुठला तरी. त्याच्या मोरीतून कधी आवाज आला, "आत कोणी आहे का?", तर दार आपटू नका, हसू नका. आहात तिथूनच, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात एवढं म्हणा: सगळे बाहेर आहेत, करा बंद.